थडी कुणाची, डोह कुणाचा?

पाथरीच्या जमिनीचा इतिहास म्हणजे बव्हंशी ती जमीन दुसऱ्या कुणाला तरी हवी असण्याचा इतिहास आहे. फिरिश्त्याने नोंदवलेली हकिकत इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असेल. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीच्या कुळकर्ण्यांपैकी. पूर्वजांचे गाव आपल्या राज्यात असावे, असे बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराला वाटले. पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशहाकडे. त्याला निरोप गेला, की पाथरी आम्हाला द्या आणि बदल्यात अधिक उत्पन्नाचा दुसरा मुलूख घ्या. इमादशहाने नकार दिला. मग इ.स. १५१८ मध्ये पाथरी बळाने घेण्यात आली. भूसंपादनाचे सगळे व्याकरण या एका प्रसंगात सामावले आहे. आधी प्रयोजन, मग मोबदला, मग नकार आणि अखेर ताबा.

त्यानंतर या परिसराने पुष्कळ प्रयोजने पाहिली. जायकवाडीचा डावा कालवा आला. गोदावरीवर ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल इथे उच्च पातळीचे बंधारे आले. २०२० च्या जानेवारीत साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली, शिर्डीने बंद पाळला, आणि आठवडाभर का होईना उभ्या महाराष्ट्राच्या तोंडी पाथरीचे नाव आले. अलीकडे शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाला परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. प्रत्येक वेळी प्रयोजन 'सार्वजनिक' होते, आणि जमीन मात्र कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची.

या यादीत आणखी एका, दिसायला अत्यंत सुसंस्कृत अशा प्रयोजनाची भर घालावी, असा सूर पर्यावरणविषयक चर्चांमधून वरचेवर ऐकू येतो. नदीकाठची जमीन सरकारने वा एखाद्या संस्थेने ताब्यात घ्यावी आणि मासे, पाणपक्षी, ऊद यांच्यासाठी ती राखून ठेवावी. हेतूशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण 'ताब्यात घ्यावी' या क्रियापदाशी आहे. पाण्याकाठची जमीन जीवसृष्टीसाठी राखली पाहिजे, हे आम्ही मानतो. पण त्यासाठी आणखी एका शेतकऱ्याला भूमिहीन करण्याची गरज नाही, कारण लागणारी जमीन फार मोठ्या प्रमाणावर सरकारच्या मालकीची आधीच झालेली आहे. ती कुठे गेली, तिचे काय झाले आणि तिच्यावर आज कोण काय करतो, हा हिशोब मागण्याऐवजी नव्या संपादनाची भाषा करणे हा आळशीपणा आहे, आणि मराठवाड्याच्या संदर्भात तो क्रूरही आहे.

एवढे म्हटल्यावर हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे कशासाठी, हा प्रश्न येणारच. आम्ही तो मुद्दामच या व्यासपीठावर मांडत आहोत. कारण नदीकाठ आधी भाषेतून गेला आणि मग जमिनीवरून, अशी आमची समजूत आहे.

मराठवाड्यात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती 'गंगा' आणि तिच्या काठचा टापू 'गंगाथडी'. थडी म्हणजे नुसता काठ नव्हे. काठ ही नकाशावरची रेघ असते, तर थडीला रुंदी असते. पुराचे पाणी जिथवर पसरते आणि ओसरताना गाळ सोडून जाते, तो सगळा पट्टा थडीत येतो. त्यात दरड आहे, मळई आहे, वाळवंट आहे, डोह आहे. यांपैकी 'वाळवंट' या शब्दाचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. नदीच्या कुशीतली ओलसर वाळू, जिथे कीर्तन उभे राहते, ते वाळवंट. आज हा शब्द आमचे विद्यार्थी फक्त राजस्थानसाठी वापरतात. नदीतली वाळू ब्रासने मोजली जाऊ लागली, तेव्हा तिच्यासाठी असलेला शब्द रिकामा झाला आणि तो ओसाडीच्या अर्थाला जाऊन चिकटला.

या थडीचे सर्वांत जुने साहित्यिक दर्शन 'गाथासप्तशती'त आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ सालच्या आवृत्तीमुळे तो मराठी वाचकाच्या हाती नीट आला. तिथे गोदावरी 'गोला' आहे आणि तिचा काठ वेलींच्या जाळ्यांनी व दाट झाडीने भरलेला आहे. आमच्या वर्गांतून या गाथा शिकवल्या जातात त्या शृंगाराची उदाहरणे म्हणून. काठावरची झाडी हे 'संकेतस्थळ' आणि तिचे काम प्रेमिकांना आडोसा देण्यापुरते, असे सांगून आपण पुढे जातो. हीच दाटी मासोळीच्या पिलांचा, पाणकोंबडीच्या घरट्याचा, उदाच्या बिळाचाही आडोसा असते, हे सांगण्याची गरज आम्हा शिक्षकांना कधी भासली नाही. पुढे महानुभावांच्या लेखनात 'गंगातीर' आले. 'लीळाचरित्रा'तले चक्रधर याच काठाने फिरतात. त्याही पुढे काठ म्हणजे घाट, पिंडदान, समाधी. जनाबाईंचे गंगाखेड पाथरीच्या खालच्या अंगाला आहे आणि नाथांचे पैठण वरच्या अंगाला. या सगळ्या परंपरेचा आम्हाला अभिमान आहे. पण नदीला माता म्हणण्याच्या सवयीने एक गोष्ट केली. आईला प्रकृती असते, तिला आजार होतो, तिच्या अंगाखांद्यावर आणखी कुणी राहते, हे पाहण्याची जबाबदारी त्या संबोधनाने परस्पर मिटवून टाकली.

आता दुसऱ्या भाषेकडे वळू. ही भाषा कचेरीची आहे, आणि आमच्या समीक्षेने तिच्याकडे अक्षम्य दुर्लक्ष केले आहे.

जायकवाडी प्रकल्पाचे नावच पाहा. निजामी अमलात धरणाची जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ योजली होती. पुढे ती नदीच्या वरच्या अंगाला पैठणजवळ सरकली, नाव मात्र तेच राहिले. विस्थापित होण्याचा पहिला मान इथे एका गावाच्या नावाला मिळाला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. पूर्ण भरल्यावर जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. एवढी थडी एका फटक्यात संपादित झाली. विस्थापितांच्या वाट्याला काय येते, ते विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने १९९१ साली दाखवले, आणि ती कादंबरी अभ्यासक्रमांतूनही आली. पण संपादित जमिनीचे पुढे काय होते, हा प्रश्न कादंबरी वाचून झाल्यावरही आमच्या मनात उभा राहिला नाही.

या जलाशयाची एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर. त्यापैकी २१७१ हा 'उपयुक्त साठा' आणि उरलेला ७३८ 'मृतसाठा'. कालव्याच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीवरचे, म्हणून कालव्यात न येणारे पाणी ते मृत. वास्तविक उन्हाळ्यात धरणातला मासा जगतो तो याच पाण्यात. वरचे सगळे पाणी ये-जा करणारे, आणि कायम वस्तीचे घर हेच. ज्या पाण्यात अखेरपर्यंत जीव तग धरून असतो त्यालाच आमच्या भाषेने मृत म्हटले. २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत जायकवाडी मृतसाठ्यात गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तो शब्द घरोघर पोचला. त्याच्या अर्थाशी मात्र कुणी झोंबले नाही. ज्या भाषेत घराला मृत म्हणतात, त्या भाषेत त्या घरासाठी कायदा कसा होणार?

कायदाही मग त्याच भाषेत लिहिला जातो. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. पाणथळ म्हणजे काय, याची व्याख्या त्यांत आहे आणि काय नव्हे, याचीही. नदीचे पात्र पाणथळ नव्हे. सिंचनासाठी मुद्दाम बांधलेला जलाशय पाणथळ नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी केलेला तलाव पाणथळ नव्हे. आता पाथरीच्या माणसाने घराबाहेर पडून पाणी शोधावे. दक्षिणेला गोदावरी, ती पात्र म्हणून बाद. बंधारे, पलीकडचे माजलगाव, वरचे पैठण, तिकडे पूर्णेवरचे येलदरी, हे सगळे सिंचन म्हणून बाद. ज्या मुलखात पाणी आहे तेवढे नदीत किंवा धरणात आहे, त्या मुलखात पाणथळ जागाच नाही, असा निष्कर्ष एका व्याख्येने काढून ठेवला. याआधी नदीकाठच्या प्रदूषणकारी उद्योगांना आवर घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण महाराष्ट्रात २००० सालापासून होते. तेही २०१५ च्या फेब्रुवारीत रद्द झाले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली सार्वजनिक प्रयोजनांची यादी वाचली तर तिथे पर्यटनाला जागा आहे, क्रीडेला आहे. मासा आणि पाखरू मात्र त्या यादीत सापडत नाहीत.

याच व्याख्येच्या विनोदी बाजूचे उदाहरण याच नदीवर आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. तो हळूहळू गाळाने भरत गेला. बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या. सिंचनाच्या खातेवहीत हा तोटा. पक्षी मात्र हजारोंनी येऊ लागले. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. म्हणजे इंजिनिअरच्या परीक्षेत जे नापास झाले, ते जगाच्या यादीत आले. ढालेगावच्या वर साचणाऱ्या गाळाकडे आपण याच नजरेने कधी पाहिले आहे काय?

'सरकारने काठ ताब्यात घ्यावा' म्हणणारे आता जायकवाडीच्याच अभयारण्याकडे बोट दाखवतील. जरूर दाखवावे. १९८६ साली नाथसागर हे पक्षी अभयारण्य झाले, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, चक्रवाक येतात. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याचे त्यामागे श्रम होते. पण या पाण्यावर जगणारी दोन माणसेही होती. एक, कहार आणि भोई समाजातला मासेमार. दुसरा, आपल्याच बुडालेल्या रानाच्या काठावर पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारा धरणग्रस्त. अभयारण्याच्या कल्पनेत या दोघांना स्वाभाविक जागा नव्हती, आणि मासेमारी व अभयारण्य यांचा मेळ आजवर नीट बसलेला नाही. पुढे याच जलाशयावर तरंगत्या सौरऊर्जा प्रकल्पाची योजना आली. तिला हरकत घेणाऱ्यांत कहार समाजाची एक समिती होती. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. निकालाच्या गुणदोषांत आम्ही जात नाही. पण ज्या पाण्याला अभयारण्य म्हणून मासेमाराकडे संशयाने पाहिले गेले, तेच पाणी विजेसाठी उपलब्ध ठरू शकते आणि त्याबद्दल न्यायालयात जाण्याची वेळ त्या मासेमारावरच येते, हे चित्र बोलके आहे. ताबा एकदा सरकारकडे गेला की प्रयोजन बदलायला एक कागद पुरतो. संपादनवाद्यांनी हे विसरू नये.

परदेशातले दाखले देणाऱ्यांसाठीही एक शब्द. अमेरिकेत राज्यांची मत्स्य आणि वन्यजीव खाती पाण्याकाठच्या जमिनी विकत घेतात, ही गोष्ट खरी. त्यामागे १९३७ आणि १९५० चे दोन संघीय कायदे आहेत. शिकारीच्या आणि मासेमारीच्या साधनांवरील कराचा पैसा संवर्धनाकडे वळतो, त्याला परवान्यांच्या शुल्काची जोड मिळते. पण तिथे गळ टाकणारा माणूस हाच व्यवस्थेचा पोशिंदा असतो, आणि बहुतेक ठिकाणी काठ राखल्यावर तिथे जाण्याची वाट त्यालाच खुली राहते. आपण खरेदीची कल्पना तेवढी उचलतो आणि कोळ्याला काठावरून उठवतो. शिवाय इथे जमीन एकराच्या तुकड्यांत आहे. मराठवाड्याला लागू असलेला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती सहजासहजी जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या मुलखाने जहागिरी पाहिल्या, त्याने कुळाला संरक्षण देणारा कायदा पक्ष्यांच्या नावाने सैल करू नये.

आता सर्वांत कठीण आक्षेप. 'माणसाला प्यायला पाणी नाही, आणि तुम्हाला माशाची पडली आहे!' हा आक्षेप टिंगलीने उडवण्याजोगा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आम्ही विसरलेलो नाही. समन्यायी पाणीवाटपासाठी मराठवाड्याला वरच्या धरणांशी दरवर्षी झगडावे लागते, तेही विसरलेलो नाही. पण थोडे थांबून विचारावे, की थडीतला मासा आणि थडीतला माणूस यांचे हितशत्रू वेगळे आहेत काय? वाळू उपसली की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी त्याच्यामागून खाली उतरते. हा अनुभव गंगाथडीच्या कोणत्याही गावाला नवा नाही. त्याच वाळूच्या बेटावर उन्हाळ्यात नदी सुरय अंडी घालते. वाळूचा दर सरकार ठरवते. २०२३ च्या धोरणाने तो ब्रासला ६०० रुपये ठरवला, २०२५ मध्ये धोरण पुन्हा बदलले. पण विहिरीत उरलेल्या पाण्याचा आणि वाळूतल्या अंड्यांचा दर कोणत्याच धोरणात नाही, आणि दोन्ही गोष्टी त्याच एका ट्रकमधून जातात. डोह बुजला की मासा मरतो आणि गुरांचे उन्हाळ्याचे पाणीही जाते. माशाची बाजू घेणे म्हणजे तहानलेल्याच्या विरोधात उभे राहणे, हे समीकरण ज्यांच्या सोयीचे आहे ते वेगळेच आहेत. त्यांनी ना मासा राखला, ना माणूस.

मग करायचे काय? नुसते दोष काढून थांबणे आम्हाला मान्य नाही.

पहिली गोष्ट, जमिनीचा हिशोब. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये नदीचे पात्र सरकारचे आहे. मळईच्या जमिनीसाठी त्याच संहितेत वेगळी तरतूद आहे. धरणांच्या पूर्ण संचय पातळीच्या आतली जमीन संपादित झाल्यामुळे सरकारचीच आहे, आणि पाणी ओसरल्यावर तीच गाळपेरीसाठी वर्षापुरती दिली जाते. २०१८ च्या दुष्काळात सरकारने अशी जमीन वैरण घेण्यासाठी नाममात्र एक रुपया भाड्याने देऊ केली होती. म्हणजे प्रयोजन पटले की एक रुपयात व्यवस्था होऊ शकते, हे सरकारनेच सिद्ध केले आहे. प्रत्येक जलाशयाच्या गाळपेर जमिनीची यादी, कोणती कुणाकडे आणि कोणती कुणाच्या बेकायदा कब्जात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. मूळ धरणग्रस्ताच्या नावावर गाळपेर आणि नांगर मात्र बड्या बागायतदाराचा, असे कुठे चालले असेल, तर ते त्या फलकासमोर उभे राहिल्यावर लपणार नाही.

दुसरी गोष्ट, या जमिनीच्या वापराचा करार. पावसाळ्यात पाणी चढते तेव्हा उथळ, गवताळ थडीत मासे अंडी सोडतात. मोठ्या पाण्यात सोडलेल्या बोटुकल्यांवर मत्स्यव्यवसायाचा सगळा हिशोब बसवणाऱ्यांना ही फुकटची पैदास दिसत नाही. तेव्हा पाण्यालगतचा एक पट्टा नांगराविना, आणि त्याच्या वरचा पट्टा कीटकनाशकाविना, अशी अट गाळपेरीच्या करारात असावी. आणि त्या अटीमुळे शेतकऱ्याचे जे उत्पन्न बुडेल, ते त्याला दरवर्षी रोख मिळावे. जमीन विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त तर आहेच. शिवाय नदीकाठी राखणदार म्हणून एक जिताजागता माणूस उरतो, जो कुंपणापेक्षा अधिक पाहतो.

तिसरी गोष्ट, दर्जा. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव' आणि 'समुदाय राखीव' असे दोन प्रकार आले. संवर्धन राखीव हे सरकारी जमिनीवर, आणि स्थानिकांशी विचारविनिमय करूनच जाहीर करायचे असते. त्याच्या व्यवस्थापन समितीत त्या त्या ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा लागतो. समुदाय राखीव हे खाजगी वा सामुदायिक जमिनीवर, लोक स्वखुशीने पुढे आले तर. अभयारण्यासाठीही याच कायद्याच्या कलम २४ मध्ये लोकांचे हक्क चालू ठेवण्याची वाट आहे. म्हणजे कायद्यात बळजबरीखेरीज तीन वाटा आहेत, आणि आमच्या कल्पनाशक्तीत एकच. ढालेगाव ते मुदगल या पट्ट्यातले डोह निवडून, तिथल्या मासेमार संस्थांना समितीत बसवून असे राखीव का होऊ नये? भंडारा-गोंदियात जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवरांच्या सहकारी संस्थांनी बेशरमाची झाडे उपटून, देशी पाणवनस्पती लावून स्थानिक मासे परत आणले. त्यासाठी कुणाची जमीन घ्यावी लागली नाही. ज्यांना पाणवनस्पतींची नावे माहीत होती, त्यांचे ऐकावे तेवढे लागले.

चौथी गोष्ट, दारे. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०१३ चा निकाल आहे. तो झाला दोन राज्यांच्या पाण्याच्या वाट्यासाठी. चढणीच्या माशांचा विचार करून तो दिलेला नाही. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. तारीख ठरवून दारे वर ठेवता येतात आणि त्याने आभाळ कोसळत नाही. पाथरी परिसरातल्या बंधाऱ्यांच्या दरवाज्यांच्या वेळापत्रकात आषाढातल्या पहिल्या पुरांचे दिवस माशांसाठी नोंदले जावेत, ही मागणी यानंतर अवास्तव म्हणता येणार नाही.

या चारही गोष्टींत कुणाचा सातबारा बदलत नाही. बदलते ती सरकारी जमीन वापरण्याची रीत. आणि रीत बदलायची, तर आधी तिची भाषा बदलावी लागते. इथे आमचे, म्हणजे साहित्याच्या शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम सुरू होते.

मारुती चितमपल्लींचे जून २०२५ मध्ये निधन झाले. आमच्या विभागांनी शोकसभा घेतल्या. २००६ साली सोलापूरला ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, याचे स्मरण सर्वत्र झाले. पण समीक्षेने त्यांना 'निसर्गलेखक' या वेगळ्या फडताळात ठेवले आहे, आणि तिथे ठेवणे म्हणजे मुख्य दालनातून बाहेर काढणे. नवेगावबांधच्या ढिवरांकडून, रानातल्या माणसांकडून त्यांनी जीवांची नावे गोळा केली, ती 'पक्षिकोशा'त मांडली. कोशकार्य हेही साहित्यकार्य आहे, हे आपण केतकरांच्या बाबतीत मानतो आणि चितमपल्लींच्या बाबतीत विसरतो. गोदावरीसाठी असे काम कुणी करावयाचे? पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम इथल्या महाविद्यालयांत मराठी विषय घेऊन बसलेली मुले याच थडीच्या गावांतून येतात. त्यांच्या आजोबांना डोहांची नावे ठाऊक आहेत. कुठला डोह कोणत्या उन्हाळ्यात आटला, कोणता मासा शेवटचा कधी जाळ्यात आला, हे भोयांच्या घरी ठाऊक आहे. आम्ही त्या मुलांना प्रकल्पासाठी विषय देतो तो 'अमुक कवीच्या कवितेतील निसर्गप्रतिमा'. प्रतिमा ज्यांच्यावरून झाल्या त्या वस्तू संपत आल्या, तरी आमचे प्रतिमांचे कोष्टक चालूच आहे.

डोहांच्या नावांची ही नोंद केवळ हौसेची बाब नाही. संवर्धन राखीव जाहीर करायचे तर सरकारला सीमा लागते, ठिकाणाचे नाव लागते, वापराचा पूर्वेतिहास लागतो. ज्या डोहाला कागदावर नाव नाही, तो वाळूच्या लिलावात 'घाट क्रमांक' होऊन जातो. ज्याला नाव आहे आणि ज्याच्याविषयी चार माणसांनी सही करून लिहून दिले आहे, त्याच्या लिलावावर ग्रामसभेत हरकत तरी घेता येते. शब्द वाचवल्याने नदी वाचत नाही, हे आम्हालाही कळते. पण शब्दावाचून हरकतीचा अर्जसुद्धा लिहिता येत नाही.

तेव्हा आमची विनंती अगदी साधी आहे. येत्या उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खाली असताना, गोदाकाठच्या प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या टप्प्यातले डोह, बेटे आणि मळया यांची नावानिशी यादी करावी. बरोबर भोई-कहार वस्तीतली जाणती माणसे घ्यावीत, भूगोल आणि प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना बोलवावे. तयार झालेली यादी ग्रामपंचायतीला, तहसीलला आणि वनखात्याला द्यावी, आणि पोच घ्यावी.

शेवटी पुन्हा त्या १५१८ सालाकडे. इमादशहाकडे मागणी आली, त्याला मोबदल्याचा मुलूख देऊ केला गेला, आणि नाही म्हणण्याचा अधिकार त्याने बजावला. तो हरला, तरी त्याचा नकार तवारिखेत राहिला. पाचशे वर्षांनंतर त्याच गंगाथडीतल्या शेतकऱ्याकडे जमीन मागायची, तर निदान इमादशहाला जेवढे विचारले गेले तेवढे त्याला विचारावे. आणि थडीत अंडी घालणाऱ्या मासोळीला तर कुणी काही विचारलेलेच नाही. तिला बदल्यात दुसरा मुलूख घेता येत नाही.